पाव सेकंद कुठे गेला?

गुजरातमधल्या वाघोडियाहून जरोदमार्गे हालोलकडे निघालेली मोटार ताशी ८० किलोमीटरने धावते तेव्हा एका सेकंदात बावीस मीटर अंतर कापते. गाडी ऑटोमॅटिक असेल तर पाचवा गिअर सुटून सहावा बसायला साधारण अर्धा सेकंद पुरतो. तेवढ्यात अकरा मीटर रस्ता मागे जातो. या अकरा मीटरांत बॉनेटखाली तेलाची एक वाट उघडते, दुसरी मिटते. थोडंसं तेल एका पोकळीत शिरून पिस्टनला मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवतं. कागदी अस्तराच्या चकत्या पोलादी चकत्यांना धरतात. इंजिन क्षणभर आपला जोर आवरतं. हे सगळं जुळवून आणणाऱ्या संगणकाला यातलं जवळजवळ काहीही दिसत नसतं. त्याच्या हाती असतात दोन फिरत्या दांड्यांचे वेग आणि मागच्या खेपेची आठवण.

हाच अर्धा सेकंद लांबून पाऊण सेकंद झाला की मालक गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, ‘गिअर लेट पडतोय.’ त्याला जाणवलेला पाव सेकंद नेमका कुठे गेला हे शोधून काढणं ही मला आजच्या यंत्रविद्येतली फार सुंदर तपासणी वाटते. सुंदर अशासाठी की बहुतेक वेळा गिअरबॉक्स न उघडताच उत्तर मिळू शकतं.

हे समजून घ्यायला या भागातलीच एक गाडी घेऊ. हालोलच्या कारखान्यात १९९६ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या बनत होत्या. सुरुवात ओपेल अ‍ॅस्ट्राने झाली, पुढे शेव्हरले आल्या, आणि २०१७ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. त्याच कारखान्यातून आता एमजीच्या गाड्या बाहेर पडतात. शेव्हरले क्रूझ इथलीच. तिच्या ऑटोमॅटिक अवतारात सहा गिअरांचा जो गिअरबॉक्स होता, त्याच्या क्लचांची, म्हणजे त्या चकत्यांच्या संचांची, नावं ऐकली की निम्मं कोडं तिथेच उलगडतं: १-२-३-४ क्लच, २-६ क्लच, ३-५-रिव्हर्स क्लच, ४-५-६ क्लच आणि लो-रिव्हर्स क्लच. जो क्लच ज्या गिअरांत धरलेला असतो, ते आकडे म्हणजेच त्याचं नाव.

आता यावरून गिअर बदलणं म्हणजे काय ते पाहा. दुसऱ्या गिअरमध्ये १-२-३-४ आणि २-६ हे दोन क्लच धरलेले आहेत. तिसऱ्यात जायचं म्हणजे पहिला तसाच राहणार, २-६ सुटणार आणि ३-५-रिव्हर्स धरणार. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तोच ३-५-रिव्हर्स सुटतो आणि ४-५-६ धरतो. दातेरी चाकं जागची हलत नाहीत, ती कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. फक्त कुणाला अडवायचं आणि कुणाला फिरू द्यायचं एवढं बदलतं. प्रत्येक बदलात एक क्लच जातो आणि एक येतो. खो-खोत पाठीवर खो पडण्याआधी उठलं तर फाउल, आणि पडल्यावर रेंगाळलं तर गडी निसटतो. इथला हिशेबही तसाच कडक आहे. येणाऱ्या क्लचने लवकर धरलं तर क्षणभर दोन गिअर एकदम लागतात आणि गाडी अडखळते. उशिरा धरलं तर क्षणभर कुठलाच गिअर नसतो आणि इंजिन मोकाट घों घों करत वर जातं.

हे घोंघावणं आकड्यांत पकडता येतं. या गिअरबॉक्सचं दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.९६ आणि तिसऱ्याचं १.९१. चाकांकडे जाणारी दांडी मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर दुसऱ्यात आत येणारी दांडी २९६० फेऱ्यांवर असायला हवी, आणि बदल पूर्ण झाल्यावर १९१० वर. संगणकातले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर आलेख लावला तर निरोगी बदलात ही रेघ २९६० वर थोडी रेंगाळते आणि मग सरळ उताराने १९१० वर येते. दुखऱ्या गिअरबॉक्समध्ये ती आधी ३१०० पर्यंत चढते आणि मग उतरते. ते १४० फेरे म्हणजे हरवलेल्या पाव सेकंदाची पावती.

पण रेघ उतरायच्या आधी जी थोडी रेंगाळते, तिथेच खरी मौज आहे. त्या सपाट तुकड्यात दोन गोष्टी घडून जातात. आधी येणाऱ्या क्लचची पोकळी तेलाने भरते. पिस्टन पुढे सरकून चकत्यांमधली फट मिटवतो. मग जाणाऱ्या क्लचवरचा भार हळूहळू येणाऱ्यावर जातो. या दोन्ही वेळी कुठल्याही दांडीचा वेग बदलत नाही. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने काहीच घडत नाही! पोकळी भरली का, फट मिटली का, हे त्याला कळायला सरळ मार्ग नाही. क्रूझच्या गिअरबॉक्समध्ये काही झडपांपाशी दाब आला की नाही एवढं सांगणारे स्विच आहेत, पण पिस्टन कुठवर पोचला हे तेही सांगत नाहीत. मग संगणक अंदाज बांधतो: या क्लचला भरायला इतकं तेल लागतं, या तापमानाला त्याला इतके मिलिसेकंद लागतील, म्हणून आत्ताच हुकूम सोडायला हवा. नंतर वेगाची रेघ कधी उतरू लागली ते पाहून तो अंदाज खरा ठरला की चुकला हे त्याला कळतं. चुकला असेल तर पुढच्या खेपेला आकडा थोडा बदलतो.

चकत्या वर्षागणिक झिजतात, फट वाढते, भरायला जास्त तेल लागू लागतं. संगणक तेवढं तेल गुपचूप वाढवत जातो. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत बदल नव्यासारखाच मऊ वाटतो तो म्हणूनच. गिअरबॉक्स आपल्या झिजेचा हिशेब स्वतःच ठेवत असतो, आणि तो स्कॅनरवर वाचता येतो. १९८९ मध्ये क्रायस्लरने असं शिकणारा गिअरबॉक्स मोठ्या संख्येने बाजारात आणला. सुरुवातीची वर्षं त्याच्या बिघाडांनी गाजली, पण कल्पना इतकी भक्कम होती की आज हिच्याशिवाय बनलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सापडणं कठीण आहे. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १९३९ मध्ये, जनरल मोटर्सच्याच हायड्रामॅटिकमध्ये सगळे निर्णय तेलाचा दाब आणि स्प्रिंगा घेत असत. आठवण म्हणून काही नव्हतंच.

तर मग उशीर होतो कुठे? शक्यता तीन. संगणकाने हुकूमच उशिरा दिला; हुकूम वेळेवर दिला पण तेल उशिरा पोचलं; किंवा तेल पोचलं पण चकत्यांनी उशिरा पकडलं. मालकाला तिन्ही सारखेच जाणवतात, आलेखात तिन्ही वेगळे दिसतात. म्हणून चांगला मेकॅनिक हुकमाची रेघ, वेगाची रेघ आणि तेलाचं तापमान एकाच पडद्यावर मांडतो. हुकूम आणि उतार यांच्यामधलं अंतर नेहमीइतकंच असेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. प्रश्न निर्णयाचा आहे. सकाळी थंड इंजिन लवकर तापावं म्हणून गिअर मुद्दाम लांबवले जातात. पावागढ डोंगरावरच्या माचीपर्यंतच्या चढावर संगणक चढ ओळखतो आणि वरचा गिअर टाकायचं टाळतो, नाहीतर प्रत्येक वळणावर गिअर वरखाली होत राहतील. हा उशीर दोष मानून दुरुस्तीला पैसे घालणारे भेटतात, त्याचं वाईट वाटतं. इंजिनात येणारी हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल तर मात्र खोटा हिशेब होतो. इंजिन कमी जोर लावतंय असं समजून संगणक तेलाचा दाब कमी ठेवतो, आणि खरा जोर आला की चकत्या घसरतात. दोष एका कोपऱ्यात, लक्षण भलत्याच कोपऱ्यात.

तेलाच्या उशिराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक जुन्या गाड्यांचं दुखणं तिथे असतं. असली तक्रार आली की अनुभवी मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो, ‘साहेब, गार असताना की गरम झाल्यावर?’ मला या एका प्रश्नाचं फार कौतुक वाटतं. डेक्सरॉन-६ जातीच्या तेलाचा दाटपणा ४० अंशांना साधारण ३० सेंटिस्टोक असतो आणि १०० अंशांना साधारण ६. म्हणजे गाडी तापेपर्यंत तेल पाचपट पातळ होतं. जानेवारीतल्या गार सकाळी वाघोडियाच्या अंगणातून निघणारी गाडी आणि मे महिन्याच्या दुपारी जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकांमागे, कॉलेजच्या बसांमागे थांबत-थांबत चालणारी तीच गाडी, या दोघींच्या गिअरबॉक्समध्ये जणू दोन वेगळी द्रव्यं असतात.

उशीर गार असताना होत असेल तर बोट रबराकडे जातं. पिस्टनच्या कडेचे सील वर्षानुवर्षं तापून कडक होतात. गार असताना ते भिंतीला नीट टेकत नाहीत आणि कडेने तेल सुटतं. तापले की थोडे मऊ होतात आणि दुखणं गायब होतं. रात्रभर उभी गाडी सकाळी पहिल्यांदा रिव्हर्समध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद नुसती उभी राहते आणि नंतर दिवसभर ठीक चालते, तेव्हा आणखी एक शक्यता असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, भोपळ्यासारख्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल रात्रीतून खाली उतरलेलं असतं, आणि पंपाला आधी तो भोपळा भरावा लागतो.

उशीर गरम झाल्यावरच होत असेल तर गोष्ट उलटी. आता बोट धातूकडे जातं. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, आणि त्यातल्या बिळांत छोट्या झडपा सतत थरथरत पुढे-मागे होत असतात. हजारो तासांत बिळाची भिंत झिजते. दाट तेल त्या बारीक फटीतून फारसं जात नाही. पातळ झालं की निसटतं, आणि क्लचपाशी पोचेपर्यंत दाब उरत नाही. केसापेक्षाही बारीक झीज, आणि एवढी मोठी गाडी सिग्नलला अडखळते.

मग तेलाची पातळी. ती कमी असली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. जास्त असली तर फिरती चाकं तेल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच. तेल जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणूनच ते जोर पोचवू शकतं. हवा सहज दाबली जाते. शंभरात एखादा भाग हवा मिसळली तरी कमी दाबाला तेलाचा कडकपणा पार ढासळतो. पंपाने ढकललेलं तेल पिस्टन हलवायच्या ऐवजी बुडबुडे चेपण्यात खर्च होतं. क्रूझसारख्या गाडीत तेल बघायची काडीच दिलेली नाही. तेल ९० अंशांच्या आसपास तापवून, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या बुचातून पातळी पाहावी लागते. गार तेलावर मोजणाऱ्याच्या हातून कमी-जास्त होणारच.

या तेलाच्या इतिहासात एक थक्क करणारा संबंध आहे. चकत्यांनी झटका न देता धरावं म्हणून तेलात घर्षण सांभाळणारी द्रव्यं लागतात, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने बंदी घालेपर्यंत त्यांतलं एक महत्त्वाचं द्रव्य स्पर्म व्हेल या महाकाय देवमाशाच्या तेलापासून मिळत असे. गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते! बंदीनंतर रसायनशास्त्रज्ञांना त्याची जागा घेणारे रेणू प्रयोगशाळेत घडवावे लागले. आज गाडीला बाटलीवर लिहिलेलं नेमकं तेलच लागतं, कुठलंही लाल तेल चालत नाही, याचं कारण या रेणूंमध्ये आहे. चुकीच्या तेलात दाब बरोबर असतो, वेळ बरोबर असते, आणि तरी चकत्या हव्या तशा धरत नाहीत. तिसऱ्या प्रकारचा उशीर तो हाच.

विजेचीही आपली एक चाल आहे. तेलाचा दाब ठरवणारे सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि तांबं तापलं की त्याचा अवरोध वाढतो. २० अंशांवरून १०० अंशांवर जाताना जवळजवळ ३० टक्क्यांनी. म्हणजे ५ ओहमची वेटोळी साडेसहा ओहमची होते. संगणक हे जाणतो, तारेतून खरोखर किती प्रवाह जातोय ते मोजत राहतो आणि कमी पडला तर वाढवतो. क्रूझच्या गिअरबॉक्समध्ये तर हा संगणक सोलेनॉइडांसकट आतच बसवलेला आहे. ज्या इलेक्ट्रॉनिक्सला आपण घरात पंख्याची हवा देतो, ते तिथे नव्वद-शंभर अंशांच्या तेलात वर्षानुवर्षं काम करतं.

आता त्या क्लचांच्या नावांकडे परत येऊ, कारण तपासणीचा सगळ्यात देखणा भाग तिथे आहे. समजा गाडी तिसऱ्यात जाताना रेंगाळते, पाचव्यात जाताना रेंगाळते आणि रिव्हर्सही उशिरा लागतो, पण दुसरा, चौथा, सहावा ठीक आहेत. तिन्ही दुखऱ्या गिअरांत समान काय? एकच क्लच, ३-५-रिव्हर्स. गिअरबॉक्स न उघडता, एकही नट न फिरवता दोषाचं घर सापडलं. या जातीच्या गिअरबॉक्सांत त्या क्लचमधली एक लाटेसारखी वाकलेली पोलादी चकती तुटल्याचे प्रकार जगभरच्या मेकॅनिकांना परिचित आहेत. तिचे तुकडे झाले की हे तीन गिअर एकापाठोपाठ हातचे जातात. आणि सगळेच गिअर सारखे रेंगाळत असतील तर एका क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. पंप, गाळणी, तेल, मुख्य दाबाची झडप यांच्याकडे वळायचं.

स्कॅनर नव्हते तेव्हाही ही विद्या होती. टोयोटाच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तकात एक चाचणी दिलेली असे. तेल ५० ते ८० अंश तापवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाका आणि हलका धक्का जाणवेपर्यंत स्टॉपवॉच चालवा. १.२ सेकंदांपेक्षा कमी हवं. रिव्हर्सला १.५ सेकंदांपेक्षा कमी. मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा, सरासरी काढा. साधनं म्हणजे एक घड्याळ आणि गाडीच्या सीटवर बसलेलं शरीर. ज्याच्याकडे महागडं यंत्र नाही त्याने आजही सुरुवात अशीच करावी असं माझं मत आहे. फक्त आपल्या गाडीसाठी दिलेली मर्यादा पाहून घ्यावी.

दोष सापडला, दुरुस्त झाला. यानंतर गिअर जुळवायचे, म्हणजे ‘ट्यून’ करायचे. इथे एक मोह असतो: तेलाचा दाबच वाढवून टाकायचा. उशीर खरोखर कमी होतो. पण प्रत्येक बदलाला धक्का बसतो, पंपावर इंजिनची जास्त ताकद खर्च होते, आणि ज्या झिजेमुळे उशीर होत होता ती झाकली जाऊन वाढतच राहते. मला हा मार्ग पटत नाही. बरोबर रस्ता लांबचा आहे. दुरुस्तीनंतर संगणकाची जुनी आठवण पुसावी लागते, कारण ती झिजलेल्या क्लचची आहे. नव्या चकत्यांची फट लहान, पण आठवण मोठ्या फटीची. मग तो गरजेपेक्षा जास्त तेल ढकलतो आणि नवा कोरा गिअरबॉक्स झटके देऊ लागतो. उलट दुरुस्ती न करता नुसतीच आठवण पुसली, तर वर्षानुवर्षांचं शिक्षण जातं आणि दोष तसाच राहतो. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

पुसल्यावर गाडी चालवून शिकवावी लागते. त्यासाठी वाघोडियाहून निघून जरोदपाशी हालोलच्या चौपदरी रस्त्याला लागावं आणि पुढे पावागढच्या पायथ्याशी चांपानेरला जावं, यासारखा सोयीचा रस्ता नाही. आधी तेल तापू द्यायचं, कारण गार तेलावर संगणक सहसा शिकतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर एकसारखा, हलका पाय ठेवून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत गिअर पडू द्यायचे, गाडी थांबवायची, पुन्हा तेच करायचं. पहिल्या खेपांना गाडी अडखळते, घोंघावते. हळूहळू ती रेघ २९६० वरून कुठेही न चढता १९१० कडे उतरू लागते. हे पडद्यावर घडताना पाहिलं की मन भरून येतं. कुणी काही सांगितलेलं नसतं. दोन वेगांच्या आधारे यंत्र स्वतःच आपल्या आतल्या पोकळीचं माप काढतं.

पण हलक्या पायाने शिकलेलं सगळं हलक्या पायापुरतंच असतं. संगणक इंजिनच्या जोराप्रमाणे वेगवेगळे रकाने ठेवतो, आणि ज्या रकान्यात गाडी कधी गेलीच नाही तो कोराच राहतो. नेहमी सांभाळून चालवणारा माणूस एखाद्या दिवशी टोलरोडवर ट्रकला ओलांडताना पाय पुरता दाबतो, आणि तेवढाच एक बदल रांगडा बसतो. त्याला वाटतं गिअरबॉक्स बिघडला. म्हणून शिकवणीच्या फेरीत जाणता मेकॅनिक सपाटीवर थांबत नाही. चांपानेरहून माचीच्या चढाला लागतो, गाडीत चार माणसं बसवतो, आणि तिसऱ्या-चौथ्यात, अर्ध्याहून जास्त दाबलेल्या पायाने, तेही रकाने भरून घेतो.